‘आधी मला वाचा’ : रीडमी नावाच्या फाईलचा इतिहास

(मढ येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय जाहीर झाला तेव्हा दोघातिघांनी मला विचारलं, की सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे माणूस, कॉम्प्युटरच्या फाईलवर काय बोलणार? शंका रास्त आहे. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही. पण आजचा विषय प्रोग्रॅम हा नाहीच. प्रोग्रॅमच्या आधी वाचायचं जे एक पान असतं, त्याचा हा इतिहास आहे. आणि ग्रंथाच्या पहिल्या पानावर काय असावं, या प्रश्नावर आमच्या शास्त्रांनी पुष्कळ डोकं चालवलेलं आहे. तेवढा माझा अधिकार धरा.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. कुठलंही सॉफ्टवेअर त्याच्या मूळ मजकुरासकट, म्हणजे सोर्स कोडसकट, तुमच्या हाती आलं की त्यात शेकडो फाईली असतात. बहुतेक सगळ्या यंत्रासाठी. पण त्यात एक फाईल माणसासाठी असते. तिचं नाव रीडमी. ‘मला वाचा’. हे काय आहे, कशासाठी आहे, चालू कसं करायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, कुठल्या अटींवर वापरायचं, एवढं त्यात साध्या भाषेत लिहिलेलं असतं. यंत्राला या फाईलची गरज नसते. ती काढून टाकली तरी प्रोग्रॅम तसाच चालतो. मग ती का लिहितात?

याचं उत्तर मला पुस्तकात सापडलं नाही, एका चुकीतून सापडलं. चूक माझीच आहे, म्हणून मोकळेपणानं सांगतो.

१९९७ च्या सुमारास मी इथल्या एका वृद्ध तांडेलांशी बरेच रविवार बोलत बसलो होतो. वारा, उधाण, भांग, डोल जाळं कुठं लावायचं, किनाऱ्यावरचा कुठला डोंगर कुठल्या देवळाच्या रेषेत आला की आपण दर्यात नेमके कुठं आहोत, हे सगळं ते सांगायचे आणि मी टिपून घ्यायचो. नंतर ते मी कॉम्प्युटरवर मराठीत टाईप केलं. चाळीसएक पानं झाली. फ्लॉपीवर ठेवली, एक छापील प्रत काढली. मूळ वह्या आणि छापील प्रत, दोन्ही २००५ च्या २६ जुलैच्या पाण्यात गेल्या. मी निर्धास्त होतो. फ्लॉपी माळ्यावर होती.

पुढे कधीतरी ती उघडली, तर पडद्यावर रोमन अक्षरांचा, कंसांचा, टिंबांचा नुसता चिवडा! त्या काळी मराठीचे जे फॉन्ट होते, त्यांची आतली मांडणी ज्याची त्याची वेगळी. एकाच्या खणात ‘क’, तर दुसऱ्याच्या त्याच खणात वेलांटी. फॉन्ट कुठला होता हे ठाऊक असेल तर कुलूप उघडतं, नाहीतर नाही. आणि मी ते कुठंही लिहून ठेवलेलं नव्हतं. का ठेवलं नव्हतं? कारण तेव्हा मला ते माहीत होतं! आपल्याला जे माहीत असतं ते आपण कधी लिहीत नाही. मला वाटतं, रीडमीचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

या गोष्टीचा शेवट मी नंतर सांगतो. आधी थोडं मागं जाऊ.

तुमच्या होडीवर नवा पोरगा चढला, तर त्याला कुणी छापील कागद देतं का? नाही. सुकाणूवर तांडेल असतो. पोरगा चुकला की तो ओरडतो, पोरगा शिकतो. विद्या आणि विद्येचा धनी एकाच होडीत आहेत, तोवर लिहिण्याचं काम पडत नाही.

कॉम्प्युटरचंही पहिल्यांदा असंच होतं. आपल्या मुंबईत, कुलाब्याला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली टिफ्रॅक नावाचं यंत्र बांधलं गेलं आणि १९६० मध्ये ते कामाला लागलं. भारतात बांधलेल्या पहिल्या संगणकांपैकी ते एक. असं यंत्र एकच होतं. त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम दुसऱ्या कुठल्या यंत्रावर चालणार नव्हता, आणि तो लिहिणारा माणूस गाठता येण्यासारखा होता. अडलं तर जाऊन विचारायचं.

हे चित्र बदललं ते एकाच जातीची यंत्रं शेकडो ठिकाणी गेली तेव्हा. अमेरिकेत डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे ‘डेक’, ही कंपनी होती. तिची यंत्रं वापरणाऱ्यांनी १९६१ मध्ये आपली एक संघटना काढली, डेकस. हे लोक आपापले प्रोग्रॅम चुंबकीय फितीवर भरून एकमेकांना पाठवायचे. फीत शेकडो मैलांवरच्या विद्यापीठात पोचायची. ती लावणाऱ्या माणसानं लिहिणाऱ्याला कधी पाहिलेलं नसायचं. आपल्या माहितीतल्या सगळ्यात जुन्या रीडमी फाईली याच वातावरणातल्या आहेत, पीडीपी-१० या यंत्राच्या, १९७० च्या दशकाच्या मध्यातल्या. होडी दर्यात गेली आणि तांडेल बंदरावरच राहिला, तेव्हा चिठ्ठी लिहायची वेळ आली.

नावाची गंमत सांगतो. पीडीपी-१० च्या व्यवस्थेत फाईलचं नाव जास्तीत जास्त सहा अक्षरांचं असे, पुढे टिंब आणि तीन अक्षरी शेपूट. इंग्रजीत ‘रीडमी’ बरोबर सहा अक्षरांत बसतं. पुढे युनिक्स आलं. त्यात लहान-मोठी दोन्ही अक्षरं चालत, पण यादी लावताना मोठ्या लिपीतली नावं आधी येत, कारण आस्की या संकेतात मोठ्या ‘ए’ चा क्रमांक ६५ आणि लहान ‘ए’ चा ९७. त्यामुळे मोठ्या अक्षरांतलं रीडमी यादीत वर येऊन बसे. गणपतीसारखं, अग्रपूजेचा मान! ‘जार्गन फाईल’ हा प्रोग्रॅमरांच्या बोलीचा जो कोश आहे, त्यात या नावाचं नातं लुईस कॅरलच्या १८६५ मधल्या ॲलिसशी जोडलेलं आहे. ॲलिसला बाटली सापडते तिच्यावर ‘मला पी’ लिहिलेलं असतं, आणि खाऊवर ‘मला खा’. तशी ही फाईल म्हणते, मला वाच.

पुढे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. त्या प्रकल्पाच्या नियमांत, प्रत्येक पॅकेजबरोबर रीडमी असलीच पाहिजे, तिच्यात पॅकेजची ओळख, नाव आणि आवृत्ती दिली पाहिजे, असं स्पष्ट आहे. सवय होती, तिचा नियम झाला. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं लिनक्स बाहेर काढलं, तेही अशाच एका टिपणासह. आणि १९९२ च्या सुरुवातीला ०.१२ या आवृत्तीच्या टिपणात त्यानं लिहिलं, की यापुढे लिनक्स ग्नूच्या परवान्याखाली राहील. आधीच्या अटींत पैसे घेऊन वाटायला मनाई होती. आज जगातले असंख्य सर्व्हर आणि तुमच्या खिशातले अँड्रॉइड फोन लिनक्सवर चालतात, त्यामागे हा निर्णय आहे. तो ना पत्रकार परिषदेत जाहीर झाला, ना कोर्टात. प्रोग्रॅमबरोबरच्या एका साध्या टिपणात झाला.

२००४ मध्ये जॉन ग्रुबर यांनी मार्कडाऊन ही साधी लेखनपद्धती आणली. २००८ मध्ये गिटहब सुरू झालं आणि तिथं रीडमी प्रकल्पाच्या दारावरच दिसू लागली. २०१० मध्ये गिटहबचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी तर असा आग्रह धरला, की प्रोग्रॅम लिहिण्याआधी रीडमी लिहा. काय करणार हे साध्या शब्दांत सांगता येत नसेल, तर ते तुम्हालाच कळलेलं नाही.

हे वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, अरे, हे तर आपल्याकडे होतं!

आमच्या शास्त्रात त्याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. नाव भारी आहे, गोष्ट सोपी आहे. ग्रंथाच्या आरंभी चार गोष्टी सांगायच्या. विषय काय, प्रयोजन काय, विषयाचा आणि ग्रंथाचा संबंध काय, आणि अधिकारी कोण, म्हणजे हा ग्रंथ कुणी वाचावा. सदानंदाच्या ‘वेदान्तसारा’त हे चारही व्यवस्थित मांडलेले आहेत. त्याच्या कितीतरी आधी, सातव्या शतकाच्या सुमारास, कुमारिल भट्टानं व्यवहारी प्रश्न विचारला होता, की प्रयोजनच सांगितलं नाही तर शास्त्राला हात कोण लावील? आणि अन्नंभट्टानं ‘तर्कसंग्रह’ लिहिताना पहिल्याच श्लोकात सांगून टाकलं, की नवशिक्यांना सुखानं कळावं म्हणून हे लिहितो आहे. चांगली रीडमी उघडा आणि हे चार प्रश्न लावून पाहा. हे काय आहे? कशासाठी? तुम्हाला पाहिजे ते यातून कसं साधेल? आणि आधी तुमच्याकडे काय असायला हवं? चारांची उत्तरं मिळाली तर रीडमी उत्तम.

पण संस्कृतात कशाला जायचं? मराठीतच पाहा. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे सन १२९०. पुढची जवळजवळ तीनशे वर्षं लोक ती हातानं उतरवत राहिले. उतरवताना चुका झाल्या, कुणी आपल्या ओव्या घातल्या. शके १५०६, म्हणजे सन १५८४ मध्ये एकनाथांनी ती शुद्ध केली आणि शेवटी थोड्या ओव्यांत टिपण जोडलं. त्यात काय आहे? काम कुठल्या शकात केलं, कुणी केलं, का करावं लागलं. मूळ ग्रंथ शुद्धच होता, पाठांतरांनी तो बिघडला होता. आणि शेवटी ताकीद, की यापुढे यात कुणी आपली ओवी घालू नये. घातली तर अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखं होईल.

आवृत्ती, तारीख, संपादक, बदलाचं कारण आणि वापराची अट, सगळं आलं! जागा तेवढी आरंभी नसून शेवटी. फरक आहे तो अटीत. नाथ म्हणतात, बदलू नका. स्टॉलमन म्हणतात, खुशाल बदला. पण १९९१ च्या ग्नू परवान्याची दुसरी आवृत्ती पाहिलीत तर तिथं एक अट आहे. फाईल बदललीत तर बदलली असं ठळकपणे लिहा, आणि तारीख घाला. ‘बदलू नका’ आणि ‘बदला पण सांगा’, दोन्हींच्या मुळाशी काळजी एकच आहे. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, की आपल्या हातात नेमकं काय आहे.

आणि हे कळलं नाही तर काय होतं? इतिहासाचार्य राजवाड्यांना विचारा. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पेशवाईतली मोडी पत्रं. त्यांतल्या कित्येक पत्रांवर महिना आहे, चंद्र आहे, साल नाही! लिहिणाऱ्याला साल माहीत होतं, घेणाऱ्यालाही माहीत होतं. मग कशाला लिहायचं? पण दीडशे वर्षांनी ते पत्र हातात घेणाऱ्यानं काय करावं? राजवाड्यांनी आणि त्यांच्यानंतरच्या संशोधकांनी आयुष्याची वर्षं या न लिहिलेल्या सालांच्या मागं घालवली. राजवाड्यांच्या प्रस्तावना आजही आवर्जून वाचल्या जातात, त्या का? मला तरी त्या रीडमीच वाटतात. मूळ लेखकांनी न लिहिलेल्या, मागाहून दुसऱ्यानं लिहाव्या लागलेल्या.

आता माझ्या फ्लॉपीकडे येऊ.

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानं ती फाईल घेतली आणि एकेक फॉन्ट लावून पाहिला. अखेर जवळचा एक सापडला. जवळचा म्हणतो, कारण त्याच फॉन्टची आवृत्ती निराळी असावी. बरीचशी अक्षरं जागेवर आली, काही जोडाक्षरं आणि मात्रा आल्या नाहीत. साधी वाक्यं मी अंदाजानं लावली. ‘वारा’ अर्धवट दिसला तरी कळतो. पण दर्यातल्या ठिकाणांची नावं? ती अंदाजानं लावता येत नाहीत. तांडेलांनी सांगितलेल्या खुणांपैकी काही मला आज दोन-तीन प्रकारे वाचता येतात. खरी कुठली? विचारायला ते राहिलेले नाहीत. त्यांच्या घरच्यांना विचारलं. काही नावं मिळाली, काही त्यांनीही कधी ऐकली नव्हती.

फॉन्टचं नाव आणि आवृत्ती, दोन ओळी फ्लॉपीच्या चिठ्ठीवर पेनानं लिहिल्या असत्या, तर ही वेळ आली नसती. कुणा कंपनीला दोष देत नाही. दोन ओळी माझ्याच राहिल्या.

माझा एकट्याचा हा प्रश्न असता तर मी तो इथं मांडला नसता. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये आली. तिच्यातली देवनागरी आपल्या देशात तयार झालेल्या इस्की या संकेतावर आधारलेली होती. पण युनिकोड आपल्या घराघरांत, छापखान्यांत पोचायला पुढची बरीच वर्षं गेली. मधल्या काळात मराठीत जे टाईप झालं, म्हणजे स्मरणिका, प्रबंध, पतपेढ्यांचे अहवाल, गावांचे इतिहास, त्यातलं पुष्कळसं अशाच कुलुपांत आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी असेल तर आज जाऊन बघा. ज्यानं टाईप केलं तो हयात असेल तर आजच विचारून लिहून ठेवा.

या कुलुपांवर काम करणारेही आपल्या शेजारीच होते. इथून होडीनं खाडी ओलांडली की वर्सोवा, थोडं पुढं जुहू. जुहूला १९८५ पासून राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र होतं. पुढे ते सी-डॅकमध्ये विलीन झालं. लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या नीट उमटाव्यात यासाठी तिथं इंडिक्स नावाचा प्रकल्प झाला. अशी कामं झाली म्हणून आज साध्या फाईलमध्ये मराठी लिहिता येतं, ‘ऱ्या’ मधल्या आपल्या खास अर्ध्या ‘र’ सकट.

आता शेवटचा मुद्दा, अधिकारी कोण?

जुन्या शास्त्रांनी हा प्रश्न पुष्कळदा दार बंद करण्यासाठी वापरला. तू अधिकारी नाहीस, निघ. ज्ञानेश्वरीचं मोठेपण यातही आहे, की संस्कृतात अडकलेलं ज्ञान तिनं मराठीत आणून हे दार उघडलं. रीडमीचंही तसंच आहे. ‘हे तुम्हाला ठाऊक असेलच’ असं धरून लिहिली तर ती पाटी नसते, भिंत असते. मढचं पोरगं हुशार आहे, हातात फोन आहे, सॉफ्टवेअर फुकट आहे, कोड उघडा आहे. पण पहिलं पान ज्या इंग्रजीत आहे, तिच्यात त्याचा पाय घसरतो. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकारानं स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प उभा राहिला, त्यांनी हे नेमकं ओळखलं. छोटे छोटे धडे, पडद्यावर सॉफ्टवेअर जसं आहे तसं इंग्रजीत, आणि समजावणारा आवाज मराठीत, हिंदीत, तमिळमध्ये. म्हणजे तांडेलच परत होडीत आणून बसवला!

अर्थात चिठ्ठी म्हणजे तांडेल नव्हे. प्लेटोनं ‘फीड्रस’मध्ये सॉक्रेटिसाच्या तोंडून हीच तक्रार केली आहे. लिहिलेला शब्द कुणाच्याही हाती पडतो, प्रश्न विचारला तर उत्तर देत नाही, आणि त्याची बाजू सांभाळायला बाप जवळ नसतो. रीडमीला हा दोष आहेच. शिवाय प्रोग्रॅम पुढं जातो आणि चिठ्ठी जुनीच राहते, हेही नेहमीचं. जुनी चिठ्ठी कधीकधी काहीच नसण्यापेक्षा वाईट. पण सॉक्रेटिसाची ही तक्रार आपल्यापर्यंत पोचली कशी? प्लेटोनं लिहून ठेवली म्हणून!

व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी विचारलं, “सर, आमचं काही सॉफ्टवेअर नाही. आम्ही काय लिहायचं?”

मी त्यांना सांगितलं, घरात जे काही जपून ठेवलंय ना, फोटोंचा डबा, जमिनीचे कागद, आजीच्या ओव्यांची कॅसेट, त्यावर एक कागद ठेवा. हे काय आहे, कुणाचं आहे, केव्हाचं आहे, उघडायचं कसं आणि कुणाला विचारायचं. पाच ओळी पुरतात. आणि त्या तुम्हाला ठाऊक आहेत तोवरच लिहा. माझ्या तांडेलांची चाळीस पानं मी आता युनिकोडमध्ये आणली आहेत. जी नावं लागली नाहीत तिथं मी अंदाज घातलेला नाही, रिकाम्या जागा ठेवल्या आहेत. आणि त्यांच्या आधी एक पान जोडलंय. त्यावर कुठल्या जागा रिकाम्या आहेत, का आहेत, आणि कुणाला ती नावं ठाऊक असली तर कुठं लिहायची, हे सांगितलंय. इथं जी वडीलधारी मंडळी बसली आहेत त्यांनी ते पान आज बघून जावं. एखादं नाव अजून लागेल.